दुव्याची किंमत शून्य केली, तरी स्पॅम का थांबला नाही?

आजचा विषय वरवर अगदी किरकोळ वाटेल. ब्लॉगवर एक लेख असतो, त्याच्याखाली प्रतिसादाची चौकट असते. त्या चौकटीत कोणी दुसऱ्या संकेतस्थळाचा दुवा, म्हणजे लिंक टाकली, तर तिचं करायचं काय? ठेवायची, काढायची, की ठेवून तिची किंमत शून्य करायची? एवढाच प्रश्न. पण या एवढ्याशा प्रश्नावर २००५ साली तीन मोठी शोधयंत्रं एकत्र आली आणि त्यांनी एक तोडगा जाहीर केला. आमचं मत असं, की ज्या कामासाठी तो काढला होता त्या कामात तो जवळजवळ निरुपयोगी ठरला. का ठरला, आणि मग उपयोगी काय पडतं, ते आज बघू.

आधी दुव्याला किंमत आली कुठून? सुरुवातीची शोधयंत्रं मुख्यतः पानावरचे शब्द मोजायची. मग लोक पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शंभर वेळा लिहून ठेवत. वाचकाला दिसायचा नाही, यंत्राला दिसायचा. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी वेगळा विचार मांडला. पानावर काय लिहिलंय एवढंच बघू नका, त्या पानाकडे बोट कोण कोण दाखवतंय ते बघा. हीच पेजरँकची कल्पना.

पूर्वी नोकरीसाठी मुंबईला निघालेला मुलगा गावातल्या वजनदार माणसाची ओळखचिठ्ठी घेऊन निघायचा, आठवतं? त्या चिठ्ठीचं मोल दोन गोष्टींवर ठरायचं. देणाऱ्याला तिकडे किती मान आहे, आणि त्याने अशा चिठ्ठ्या किती जणांना वाटल्यात. पेजरँकचं गणित साधारण असंच चालतं. प्रत्येक दुवा ही एक चिठ्ठी. ज्या पानाला इतरांच्या पुष्कळ चिठ्ठ्या आहेत, त्याच्या चिठ्ठीला वजन जास्त. आणि ते वजन त्या पानावरच्या सगळ्या दुव्यांत वाटलं जातं.

आता कल्पना करा, त्या वजनदार माणसाने आपलं लेटरहेड ओसरीवर ठेवलं आणि सांगितलं, येणाऱ्या-जाणाऱ्याने यावर वाटेल ते लिहावं. ब्लॉगची प्रतिसाद-चौकट म्हणजे हेच ओसरीवरचं लेटरहेड. पान ब्लॉगरचं, मान ब्लॉगरचा, त्याने चार वर्षं लिहून कमावलेला. आणि खाली कोणीही आपली चिठ्ठी लिहून जाणार. आयत्या बिळावर नागोबा यायला आणखी काय हवं?

त्या चौकटीत तीन रकाने असत, अजूनही असतात: नाव, ईमेल, वेबसाइट. वेबसाइटच्या रकान्यात पत्ता भरला की लिहिणाऱ्याचं नाव हाच दुवा होतो. शोधयंत्रं दुवा कोणत्या शब्दांवर आहे हेही बघतात, म्हणून स्पॅमर नावाच्या रकान्यात नाव लिहितच नाही. 'स्वस्त कर्ज' हे त्याचं नाव, 'ऑनलाइन कॅसिनो' हे त्याचं नाव. प्रतिसादात काय लिहायचं, हा त्याच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न. आणि तो ताज्या लेखांपेक्षा जुन्या लेखांवर जास्त जातो. जुन्या पानाला वजन साठलेलं असतं, आणि तिकडे मालकाचं लक्ष नसतं.

२००३च्या सुमारास हा त्रास फार वाढला. मूव्हेबल टाइप नावाची ब्लॉग चालवण्याची प्रणाली तेव्हा लोकप्रिय होती. तिच्यासाठी त्याच वर्षी जे अ‍ॅलन यांनी काळ्या यादीचं एक साधन केलं. यादीतला पत्ता प्रतिसादात सापडला की प्रतिसाद अडवायचा. पण नवा पत्ता विकत घ्यायला स्पॅमरला थोडेच पैसे लागत. यादी कायम एक पाऊल मागे. ते असो.

मग १८ जानेवारी २००५ला गूगलने जाहीर केलं, की यापुढे दुव्यावर 'नोफॉलो' अशी खूण असेल, तर तो दुवा क्रमवारी ठरवताना आम्ही धरणार नाही. याहू आणि एमएसएन सर्च यांनीही तेच मान्य केलं. वर्डप्रेस, सिक्स अपार्ट, लाइव्हजर्नल अशा ब्लॉगसेवा चालवणाऱ्यांनीही पाठिंबा दिला. ही खूण पानाच्या मागच्या एचटीएमएलमध्ये असते. वाचकाला काही फरक दिसत नाही, दुवा दाबला की तो तिकडे जातोच. फक्त चिठ्ठीवरची सही पुसलेली असते. वर्डप्रेसमध्ये तर ती खूण प्रतिसादांतल्या सगळ्या दुव्यांवर आपोआप लागायला लागली.

यामागचा तर्क सोपा होता, आणि ऐकायला बिनतोड होता. स्पॅमर क्रमवारीसाठी येतो. क्रमवारीतला लाभ काढून घेतला, की तो कशाला येईल?

तो आलाच. नुसता आला नाही, संख्येने वाढला. नोफॉलो येऊन नऊ महिने झाले असतील-नसतील, तोच ऑक्टोबर २००५मध्ये मॅट मलनवेग यांनी अकिस्मेट ही स्पॅम गाळणारी सेवा सुरू केली. तिने तेव्हापासून अडवलेल्या स्पॅमची गणती आज शेकडो अब्जांत होते. लाभ गेल्यामुळे लोभ गेला असता, तर हे गाळायला शिल्लक राहिलं नसतं.

का गेला नाही? यासाठी आपण वेबवरून जरा रस्त्यावर येऊ. कंपाउंडच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: 'येथे जाहिरात लावण्यास मनाई आहे.' आणि त्याच अक्षरांवर 'घरबसल्या कमवा'चं पत्रक चिकटवलेलं असतं. चिकटवणारा उद्धट असतो असं नाही. त्याच्या एका हातात खळीची बादली आहे, दुसऱ्या हातात पाचशे पत्रकं, आणि सकाळ व्हायच्या आत ती संपवायची आहेत. तो भिंत वाचतच नाही. वाचण्यात जो वेळ जाईल, त्यात आणखी दोन पत्रकं लागतात.

स्पॅम टाकणाऱ्या यंत्राचं गणित हेच आहे. एका पानावर नोफॉलो आहे का, हे तपासणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, एखाद्या होतकरू विद्यार्थ्यालाही तसा प्रोग्रॅम लिहिता येईल. पण तपासून वगळण्यात फायदा काय? प्रतिसाद टाकण्याचा खर्च जवळजवळ शून्य. लाखभर ठिकाणी टाकला, त्यातल्या बहुतेक ठिकाणी खूण असली, तरी उरलेल्यांत काहीतरी लागतंच.

किती कमी यशावर हा धंदा तरतो, याचा एक अंदाज आहे, ईमेल स्पॅमचा. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी स्टॉर्म नावाच्या स्पॅम पाठवणाऱ्या जाळ्यात शिरून मोजणी केली. सुमारे ३५ कोटी ईमेलांमागे औषध 'विकत घ्यायला' तयार झालेले किती? २८. म्हणजे साधारण सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हे आकडे सांगितले तर तो हसेल. पण पत्र पाठवायला काहीच लागत नसेल, तर सव्वा कोटीत एकही चालतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि आम्हाला ती जास्त महत्त्वाची वाटते. दुवे टाकणारा आणि दुव्यांसाठी पैसे देणारा, ही दोन वेगळी माणसं असतात. एखाद्या दुकानाला किंवा क्लासला कोणीतरी 'दहा हजार बॅकलिंक' विकतो. घेणाऱ्याला बॅकलिंक म्हणजे काय हेच धड माहीत नसतं, मग नोफॉलो कुठून माहीत असणार? त्याला शेवटी एक यादी मिळते, दहा हजार पत्त्यांची. यादी भरली, पैसे मिळाले. दुव्याची किंमत शोधयंत्राने शून्य केली खरी, पण बाजारात ती शून्य झाली नाही, कारण बाजारात दुवे नगावर विकले जात होते.

शिवाय दुव्याचे इतर उपयोग शिल्लक होतेच. माणूस दाबतो, तो जातो. शंभरातल्या एकाने जरी दाबलं, तरी फसवणुकीच्या पानाला तेवढं पुरतं.

इथे समोरून एक प्रश्न आलाय: मग नोफॉलोचा कोणालाच उपयोग झाला नाही का? झाला ना. शोधयंत्रांना झाला. प्रतिसादांतल्या कोट्यवधी बनावट चिठ्ठ्या त्यांना मोजाव्या लागल्या नाहीत, क्रमवारी तेवढी स्वच्छ राहिली, आणि त्याचा फायदा शोध घेणाऱ्या आपल्यालाही मिळतो. तो आम्ही नाकारत नाही. पण तोडगा ब्लॉगरांचा त्रास कमी करण्यासाठी म्हणून मांडला गेला आणि ब्लॉगरच्या दारातली रांग तशीच राहिली, हेही तितकंच खरं. शिवाय यात चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. नवा लिहिणारा माणूस तेव्हा ओळख मिळवायचा ती दुसऱ्याच्या लेखाखाली चार शहाण्या ओळी लिहून. त्या ओळींबरोबर त्याच्या ब्लॉगचा दुवा जायचा, आणि त्या दुव्याला थोडं का होईना वजन असायचं. मराठीसारख्या भाषेत, जिथे मोठी वृत्तपत्रं कोणा ब्लॉगरचा दुवा देत नव्हती, तिथे एकमेकांच्या प्रतिसादांतले हे दुवे म्हणजेच ओळखीचा रस्ता. तो दुवा आणि कॅसिनोचा दुवा आता एकाच मापाने मोजले जायला लागले.

विकिपीडियातही हा वाद झाला. इंग्रजी विकिपीडियाच्या लेखांतल्या बाहेरच्या दुव्यांवर ही खूण लावायची की नाही, यावर तिथल्या संपादकांत मतभेद होते, आणि काही काळ ती काढलेली होती. जानेवारी २००७मध्ये जिमी वेल्स यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. पण स्पॅमचे दुवे काढायचं हातकाम तिथल्या स्वयंसेवकांना आजही चुकलेलं नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. काही ब्लॉगरांना हा संन्याशावरचा अन्याय पटला नाही. त्यांनी मुद्दाम ती खूण काढून टाकली, आणि अभिमानाने जाहीर केलं की आमच्याकडे लिहिणाऱ्याला त्याचं श्रेय मिळेल. हेतू उत्तम. झालं काय? क्रमवारीच्या धंद्यातल्या लोकांनी अशा ब्लॉगांच्या याद्या केल्या, त्या फिरल्या, आणि तिथे वेगळ्याच प्रकारचा पाहुणा यायला लागला. हे यंत्र नव्हतं, पगारी माणूस होता. तो लेखाचं शीर्षक वाचायचा, पहिला परिच्छेद चाळायचा आणि लिहायचा, 'छान लेख. दुसरा मुद्दा विशेष पटला.' दुसरा मुद्दा काय होता, ते विचारू नका.

हा फरक नीट बघा. नोफॉलो लावल्याने यंत्र थांबलं नाही, पण नोफॉलो काढल्याने माणूस आला. असं का? कारण माणसाला एका प्रतिसादाला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटं खर्च करणारा जागा निवडतो, म्हणून तो आधी तुमचं धोरण बघतो. यंत्र बघत नाही. धोरण लागू पडतं ते धोरण वाचणाऱ्याला. आपल्या ब्लॉगवर दुव्यांचा काय नियम ठेवायचा हे ठरवताना आधी हे विचारावं लागतं, की हा नियम मी कोणासाठी लिहितोय? वाचणाऱ्यासाठी, की न वाचणाऱ्यासाठी?

न वाचणाऱ्यासाठी पाटी लावून भागत नाही, दारच वेगळं लागतं. वर्डप्रेसमध्ये मूळचेच दोन नियम असतात. प्रतिसादात दोन किंवा जास्त दुवे असतील तर तो मंजुरीसाठी थांबतो. आणि ज्याचा आधी एकही प्रतिसाद मंजूर झालेला नाही, त्याचा पहिला प्रतिसादही थांबतो. साधे नियम आहेत, पण ते दुव्याच्या किमतीला हात लावत नाहीत, दुवा दिसण्यालाच हात लावतात. जो दुवा पानावर आलाच नाही, तो यादीत घालून विकता येत नाही.

अर्थात स्पॅमरही शिकतो. पहिला प्रतिसाद तो दुव्याशिवाय पाठवतो, नुसतं कौतुक. मंजूर झाला, की मागून दुवे येतात. इथे मराठीत लिहिणाऱ्याला एक आयता फायदा आहे, आणि त्याचा उपयोग फार कमी लोक करतात. आजीच्या गोधडीवरच्या लेखाखाली इंग्रजीत 'हा माहितीपूर्ण लेख माझ्या प्रकल्पाला उपयोगी पडला' असं आलं, तर ते काय आहे हे कळायला कोणतंही तंत्रज्ञान लागत नाही. देवनागरीचं एकही अक्षर नसलेला प्रतिसाद मंजुरीला थांबवायचा, एवढा एक नियम केला तरी मराठी ब्लॉगवरचा बराच कचरा वेगळा पडतो. यात रोमन लिपीत मराठी लिहिणारे परदेशातले वाचक अडकतात हे खरं. म्हणून थांबवायचा, पुसायचा नाही.

गंमत म्हणजे ही कौतुकाची वाक्यं साच्यातून निघतात. कंसात 'छान, सुंदर, अप्रतिम' असे पर्याय भरलेले, यंत्राने त्यातला एकेक उचलायचा. कधीकधी यंत्र चुकतं आणि अख्खा साचाच प्रतिसाद म्हणून येतो, सगळ्या कंसांसकट. असा सापडला तर पुसण्याआधी जरूर वाचा. कौतुकाचा एवढा मोठा शब्दकोश दुसरीकडे मिळणार नाही.

आम्हाला सगळ्यात सभ्य वाटणारी युक्ती म्हणजे लपवलेला रकाना. अर्जात एक जास्तीचा रकाना ठेवायचा, जो माणसाला दिसत नाही. यंत्र दिसेल तो रकाना भरत सुटतं, तोही भरतं आणि सापडतं. प्रामाणिक माणसाला यात काडीचा त्रास नाही. फक्त, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली वापरणाऱ्या अंध वाचकाला तो रकाना ऐकू येणार नाही, याची काळजी घ्यायला हवी.

याच्या उलट कॅप्चा, ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारी कोडी. २०१०च्या एका अभ्यासात असं दिसलं, की हजार कोडी माणसांकडून सोडवून घ्यायचा बाजारभाव एक डॉलरच्या आसपास होता. म्हणजे स्पॅमरला एक कोडं पडतं एका सेंटच्या दहाव्या हिश्शाला. आणि वयस्कर वाचकाला ते पडतं तीन प्रयत्नांना आणि 'जाऊ दे, नाही लिहीत' याला. खर्च नेमका चुकीच्या माणसावर पडतो.

तसंच जुन्या लेखांवरचे प्रतिसाद बंद करण्याचं. वर्डप्रेसमध्ये चौदा दिवसांनी बंद करायची सोय आहे, आणि स्पॅम त्याने खरोखर कमी होतो, कारण स्पॅमरचं आवडतं कुरणच बंद होतं. पण तुम्ही धरणात गेलेल्या एखाद्या गावावर लिहिलंय, आणि तीन वर्षांनी त्या गावची कोणी बाई ते पान शोधून काढते. तिला लिहायचंय की त्या फोटोतलं तिसरं घर आमचं. तिने कुठे लिहायचं? बातम्यांच्या ब्लॉगने चौकट खुशाल बंद करावी. आठवणी, स्थानिक इतिहास, पाककृती असल्या ब्लॉगने करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पैसे देणाऱ्यापर्यंत धोरण एकदाच नीट पोचलं, ते एप्रिल २०१२मध्ये. गूगलने पेंग्विन नावाचा बदल केला, आणि ज्यांच्याकडे असे बनावट दुवे फार, त्यांची क्रमवारी घसरायला लागली. नुसतं न मोजणं वेगळं आणि मोजून शिक्षा करणं वेगळं. त्यानंतर उलटी गंगा वाहिली. ज्यांनी पैसे देऊन प्रतिसादांत दुवे टाकून घेतले होते, तेच ब्लॉगरांना पत्रं लिहायला लागले की आमचे दुवे कृपा करून काढा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलला 'हे दुवे आमचे धरू नका' असं सांगायची सोयही काढावी लागली. पैसे देणारा माणूस वाचणारा असतो, म्हणून हा उपाय लागू पडला. यंत्रं मात्र अजून चालूच आहेत.

सप्टेंबर २०१९मध्ये गूगलने नोफॉलोचा अर्थ थोडा सैल केला. आता ती आज्ञा नाही, सूचना आहे. वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातल्या दुव्यांसाठी 'यूजीसी' आणि पैशाच्या दुव्यांसाठी 'स्पॉन्सर्ड' अशा दोन वेगळ्या खुणाही आल्या. त्यातली एक गोष्ट फारशी कोणी वाचत नाही. बराच काळ चांगलं लिहिणाऱ्या विश्वासातल्या वाचकांच्या दुव्यांवरून ही खूण काढली तरी चालेल, असं गूगलच्याच मार्गदर्शनात आहे. म्हणजे अनोळखी माणसाचा दुवा आधी नुसता मजकूर म्हणून दाखवायचा, ओळख पटली की तो दाबता येईल असा करायचा, आणि वर्षानुवर्षं येणाऱ्या वाचकाला सहीची चिठ्ठी द्यायची. हे यंत्राकडून होणार नाही, हाताने करावं लागेल. पण बहुतेक मराठी ब्लॉगांवर असे वाचक दहा-पंधरा असतात, दहा-पंधरा हजार नसतात.

शेवटचा प्रश्न घेऊ: जुन्या, मंजूर झालेल्या प्रतिसादांतल्या दुव्यांचं काय? चांगला प्रश्न आहे. २००८ साली ज्या भल्या माणसाने तुमच्याकडे लिहिलं, त्याने पुढे ब्लॉग सोडला आणि पत्त्याचं नूतनीकरण केलं नाही, तर तो पत्ता कोणीही विकत घेऊ शकतं. जुगाराची संकेतस्थळं नेमके असे पत्ते घेतात, कारण त्यांच्याकडे जुन्या चिठ्ठ्या आयत्या असतात. म्हणजे कोणीही नवा प्रतिसाद न लिहिता तुमच्या पानावर स्पॅम तयार होतो, आणि तोही एका भल्या माणसाच्या नावावर. वर्षातून एकदा जुने दुवे दाबून बघा. बिघडलेला सापडला तर प्रतिसाद पुसू नका, नावही राहू द्या, फक्त त्या नावाखालचा दुवा सोडवा.